नववा प्रश्न

क्लिनिकल सायकॉलॉजीच्या ट्रेनिंगसाठी पहिल्यांदा अर्ज केला तेव्हा त्यातलं माझं निवेदन १८९६ सालात सुरू होत होतं. त्या वर्षी लाइटनर विटमर यांनी पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात मानसशास्त्राचं पहिलं क्लिनिक काढलं. त्यांच्याकडे आलेला पहिला मुलगा शुद्धलेखनात सतत अडखळायचा. आपलं शास्त्र या एका मुलाच्या कामी येणार नसेल तर ते हवंय कशाला, असं विटमर यांना वाटलं. मला हा प्रसंग मनापासून आवडतो, अजूनही. म्हणून तो अख्खा लिहून काढला आणि मग तीन वाक्यांत विटमर यांच्यावरून स्वतःवर आले.

माझ्या सुपरव्हायझर मॅडमनी तो परिच्छेद वाचला, पेन्सिलीने त्यावर तिरकी रेघ मारली आणि म्हणाल्या, "हे त्यांना माहीत आहे. शिवाय विटमर अर्ज करत नाहीयेत."

दुसऱ्या मसुद्यात मग मी ठासून मीच भरले. संवेदनशील, माणसांत रमणारी, शिकण्याची ओढ असलेली, टीममध्ये मिसळून जाणारी पण वेळ पडल्यास स्वतःचा निर्णय स्वतः घेणारी. माझ्याबरोबरच अर्ज करणाऱ्या एका मित्राला तो दाखवला. त्याने शेवटपर्यंत वाचला, कागद परत दिला आणि म्हणाला, "राशिभविष्य झालंय."

बर्ट्रम फोरर यांचा प्रयोग आम्हा दोघांनाही पाठ होता, त्यामुळे टोमणा वर्मी लागला. फोरर यांनी १९४८ मध्ये आपल्या ३९ विद्यार्थ्यांची व्यक्तिमत्त्व चाचणी घेतली आणि नंतर प्रत्येकाच्या हातात त्याचं 'खास' विश्लेषण ठेवलं. ते आपल्याला किती लागू पडतं, याला विद्यार्थ्यांनी पाचपैकी सरासरी ४.२६ गुण दिले. विश्लेषण सगळ्यांना एकच दिलेलं होतं, आणि त्यातली वाक्यं ज्योतिषाच्या एका बाजारू पुस्तकातून उचललेली होती. माझ्या निवेदनाखालचं नाव खोडून मित्राचं घातलं असतं तरी कुणाला पत्ता लागला नसता.

त्या मानाने नोकरीचे अर्ज सरळ असतात. ट्रेनिंगच्या आधी साहाय्यक म्हणून अनुभव गोळा करायचा तर असे अर्ज ढिगाने करावे लागतात. जाहिरातीत पात्रतेची यादी असते; काही गोष्टी 'आवश्यक', काही 'असल्यास प्राधान्य'. अर्ज चाळणारा माणूस ती यादी शेजारी ठेवून बसतो आणि एकेका मुद्द्यासमोर खूण करत जातो. त्याच्यापुढे असे पुष्कळ अर्ज असतात. त्याला माझी भाषाशैली नको असते, खूण कुठे करायची तेवढं सापडायला हवं असतं. हे कळायला मला चार नकार लागले. मग मी यादीच्याच क्रमाने, यादीतलेच शब्द घेऊन लिहायला लागले. 'जोखीम मूल्यमापनाचा दांडगा अनुभव' (जोखीम म्हणजे माणूस स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा करण्याची) हे वाक्य गेलं. त्याच्या जागी, कुणाच्या देखरेखीखाली, कोणत्या वयाच्या माणसांबरोबर, काय विचारलं, कुठे नोंदवलं आणि कुणाला कळवलं, एवढं आलं. 'दांडगा' हा शब्द कसा काय सुचला होता देव जाणे.

यासाठी एक वही केली. दर शुक्रवारी दहा ओळी. कुणाचं नाव नाही, ओळख पटेल असं काही नाही. या आठवड्यात काय पाहिलं, काय जमलं नाही, त्यावर मॅडम काय म्हणाल्या, बस. अर्ज लिहायला बसलं की गेल्या दोन वर्षांतलं काही म्हणजे काही आठवत नाही. आठवतात त्या फक्त आपण हुशार दिसलो त्या गोष्टी. वहीत दुसऱ्याही असतात. गोपनीयतेचं महत्त्व सांगता सांगता त्याच परिच्छेदात एका क्लायंटचा व्यवसाय, कुटुंबातली माणसं आणि आजार उघड करून टाकणारा अर्ज मी पाहिलेला आहे. तो माझाच होता. पेन्सिलीनेच वाचवलं.

चाळणीतून नाव पुढे गेलं आणि मुलाखतीचं पत्र आलं, तेव्हा खरी तयारी सुरू झाली. आम्ही तिघं संध्याकाळी जमायचो. प्रश्नांच्या चिठ्ठ्या, एक स्टॉपवॉच, आणि आळीपाळीने दोघांचं पॅनेल. प्रश्न साधारण ठरलेले असतात. हेच क्षेत्र का? कोणत्या संशोधनाने तुमची कामाची पद्धत बदलली? ही केस वाचा आणि फॉर्म्युलेशन मांडा, म्हणजे ही अडचण कशी उभी राहिली आणि का टिकली ते सांगा. सोळा वर्षांची मुलगी सांगते की मी हाताला इजा करून घेते पण आईला सांगू नका, तुम्ही काय कराल? एखाद्या सहकाऱ्याचं वागणं चुकतंय असं वाटलं तर? आणि हमखास येणारा एक: तुमची चूक सांगा.

फॉर्म्युलेशनचे पाच 'पी', म्हणजे इंग्रजीत 'पी'ने सुरू होणारे पाच मुद्दे, आम्ही झोपेतही म्हटले असते: समोर आलेली अडचण, तिची पूर्वपीठिका, आत्ताचं निमित्त, तिला टिकवून ठेवणाऱ्या गोष्टी आणि माणसाला सावरून धरणाऱ्या गोष्टी. घोकंपट्टीचा तोटा असा की शेवटचा 'पी' येईपर्यंत वेळ संपतो, आणि समोरच्या माणसाला सावरणारं आयुष्यात काहीच नाही असं चित्र उभं राहतं. मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्स यांचंही तेच. सहानुभाव, विनाअट स्वीकार आणि खरेपणा या थेरपी लागू पडण्याच्या तीन अटी प्रत्येक उमेदवार धडाधड सांगतो. रॉजर्स यांनी १९५७ च्या लेखात मांडल्या होत्या सहा. सहावी अशी की थेरपिस्टचा हा स्वीकार आणि सहानुभाव, थोडा का होईना, समोरच्या माणसाला जाणवला पाहिजे. आम्ही तीन पाठ केल्या, उरलेल्या वेळेअभावी सोडल्या.

मुलाखतीबद्दल जुन्या उमेदवारांकडून एक गोष्ट पुन्हा पुन्हा ऐकली होती: पॅनेल दगडासारखं बसतं. हसत नाहीत, मान डोलावत नाहीत, सगळ्यांना तेच प्रश्न त्याच शब्दांत विचारतात आणि खाली मान घालून लिहीत राहतात. मानसशास्त्राची माणसं, आणि इतकी कोरडी? मला याचा राग यायचा. मग डॅनियल काहनेमन यांची १९५५ मधली गोष्ट वाचली. तेव्हा ते २१ वर्षांचे होते, मानसशास्त्राची पदवी घेऊन इस्रायली लष्करात दाखल झालेले, आणि नव्या सैनिकांच्या मुलाखतीची पद्धत सुधारायचं काम त्यांच्याकडे आलं होतं. तोवर मुलाखत घेणारे उमेदवाराशी पंधरा-वीस मिनिटं मोकळ्या गप्पा मारायचे आणि हा कसा सैनिक होईल ते 'ओळखायचे'. ते ओळखणं फारसं खरं ठरत नव्हतं. आदल्याच वर्षी पॉल मील यांनी पुस्तक लिहून दाखवलं होतं की तज्ज्ञाच्या अंदाजापेक्षा साधं आकडेवारीचं सूत्र बहुधा सरस नाहीतर निदान तोडीस तोड ठरतं. ते काहनेमन यांनी वाचलेलं होतं. त्यांनी स्वभावाचे सहा गुण ठरवले, प्रत्येकासाठी वस्तुस्थिती विचारणारे प्रश्न ठरवले, आणि एका गुणाला आकडा दिल्याशिवाय पुढच्याकडे जायचं नाही असा नियम घातला. मुलाखत घेणारे भडकले. तुम्ही आम्हाला यंत्रं करताय, म्हणाले. तेव्हा त्यांनी तडजोड केली: सहाही आकडे लिहून झाले की डोळे मिटा, हा मुलगा सैनिक म्हणून डोळ्यांपुढे आणा आणि सातवा आकडा मनाने द्या. काही महिन्यांनी निकाल तपासले तर सहा गुणांची बेरीज जुन्या पद्धतीपेक्षा पुष्कळ बरी निघाली. मनाने दिलेला सातवा आकडाही त्या बेरजेच्या तोडीचा निघाला.

हे वाचल्यावर दगडी चेहऱ्यांवरचा राग गेला. माझं हसू पाहून ते गुण देणार नाहीत म्हणजे दुसऱ्या कुणाचं हसू पाहूनही देणार नाहीत. बोलून बोलून छाप पाडणाऱ्यांतली मी नव्हेच, त्यामुळे ही व्यवस्था माझ्या सोयीची होती.

आता तो चुकीबद्दलचा प्रश्न.

माझ्याकडे चूक होती, आणि चांगली होती. 'चांगली' म्हणजे मुलाखतीच्या दृष्टीने. फार भयंकर नाही, अगदी किरकोळही नाही, आणि तिच्यातून शिकता येण्यासारखं काहीतरी. (इथे तपशील बदललेत, गाभा तोच ठेवलाय.) साहाय्यक म्हणून माझे पहिले काही आठवडे. नैराश्याची प्रश्नावली, पीएचक्यू-९, भरून घ्यायचं काम माझ्याकडे. नऊ प्रश्न, गेल्या दोन आठवड्यांबद्दलचे. प्रत्येकाला चार उत्तरं: अजिबात नाही, काही दिवस, निम्म्याहून जास्त दिवस, जवळजवळ रोज. शून्य ते तीन गुण, जास्तीत जास्त बेरीज २७. नववा प्रश्न मरण बरं वाटण्याबद्दल किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांबद्दल. एक गृहस्थ आले, साठीच्या आसपासचे. चष्मा घरी विसरलेले, म्हणून प्रश्न मी वाचून दाखवत होते आणि खुणा मीच करत होते. झोप, भूक, थकवा, लक्ष लागणं, आठ झाले. नवव्याला माझा आवाज एकदम हलका झाला. वाक्य वाचलं, शेवटी 'असं काही नाही ना?' जोडलं. ते म्हणाले, "नाही." मी खूण केली आणि पान उलटलं.

मॅडम कोपऱ्यात बसल्या होत्या. गृहस्थ बाहेर गेल्यावर त्यांनी एवढंच विचारलं, "नववा प्रश्न विचारलास तेव्हा पेन कुठे होतं?"

पेन 'अजिबात नाही'च्या चौकटीवर होतं. त्यांनी उत्तर द्यायच्या आधीपासून.

आत्महत्येबद्दल विचारल्याने तो विचार माणसाच्या डोक्यात शिरत नाही, हे मी वाचलेलं होतं; परीक्षेत त्यावर पूर्ण गुणही मिळवले होते. पण प्रश्नाच्या शेपटाला 'नाही ना' लावलं की समोरच्याने काय म्हणायचं ते आपणच सांगून मोकळे होतो. त्या खोलीत घाबरलेलं कुणी असेल तर ती मी होते.

मुलाखतीसाठी ही गोष्ट मी 'स्टार' पद्धतीत बसवली: परिस्थिती, जबाबदारी, कृती, परिणाम. पहिल्यांदा सांगितली तेव्हा सात मिनिटं लागली. आमच्यातली स्टॉपवॉचवाली म्हणाली, तीनच्या आत आण. मग एकेक गोष्ट गेली. चष्मा गेला, मॅडमचं वाक्य छोटं झालं. परिणामाच्या जागी मी स्वतःला बसवलं: माझी अस्वस्थता मला ओळखता आली, मी ती सुपरव्हिजनमध्ये मांडली, त्यावर वाचन केलं, विचारण्याची पद्धत बदलली. सगळं खरं होतं. दोन मिनिटं पन्नास सेकंद. आरशासमोर, जिन्यात, दात घासताना म्हणून म्हणून ती गोष्ट इतकी गुळगुळीत झाली की कुठे अडकतच नव्हती.

मुलाखतीच्या दिवशी पॅनेलवर चौघं होते. त्यातल्या एक बाई मानसशास्त्रज्ञ नव्हत्या. त्यांनी स्वतः अनेक वर्षं मानसोपचार घेतलेले होते आणि उमेदवार निवडताना त्यांचंही मत मोजलं जाणार होतं. काही अभ्यासक्रमांत ही पद्धत आहे, आणि माझ्या मते ती सगळीकडे असायला हवी. चुकीचा प्रश्न आला. मी गोष्ट सांगितली. दोन पन्नास. बाकीचे तिघं लिहीत होते. बाई लिहीत नव्हत्या. त्यांनी विचारलं, "त्यांचं पुढे काय झालं?"

मी म्हणाले, "या अनुभवातून मला शिकायला मिळालं की—"

"ते सांगितलंत तुम्ही. त्या गृहस्थांचं विचारतेय."

मला माहीत होतं. पुढे काय झालं ते मला इत्थंभूत माहीत होतं, मी तिथे होते. पण तीन मिनिटांच्या कापाकापीत तो भाग गेला होता आणि त्या क्षणी तो हाताला लागेना. मी काहीतरी बोलले, त्यात 'योग्य ती कार्यवाही' असे शब्द होते. त्या बाईंनी मान हलवली आणि मग त्यांनीही लिहायला घेतलं.

निवड झाली नाही. अभिप्राय मागवला, दोन ओळींचा आला: उमेदवाराची तयारी उत्तम, क्लायंटच्या बाजूने विचार मांडताना कमी पडतात. पहिली ओळ वाचूनच जास्त लागलं.

त्यानंतरचं वर्ष मी पुन्हा अर्जांत आणि नोकरीत घालवलं, त्याबद्दल सांगण्यासारखं फार नाही. एक सोडून. सामाजिक भीतीवरचं एक प्रेझेंटेशन करताना डेव्हिड क्लार्क आणि एड्रियन वेल्स यांचं १९९५ मधलं मॉडेल पुन्हा वाचायला घेतलं. चारचौघांत बोलायला घाबरणाऱ्या माणसाचं लक्ष आत वळतं. आपण कसे दिसतोय, आवाज कापतोय का, हे तो सतत तपासत राहतो. आपली फजिती होऊ नये म्हणून तो काही युक्त्या योजतो, वाक्य बोलण्याआधी मनात जुळवून पाहणं ही त्यातलीच एक. या युक्त्यांनी भीती जात नाही, उलट टिकते. आणि समोरच्याला हा माणूस तुटक वाटतो, कारण त्याचं समोरच्याकडे लक्षच नसतं. हे मी स्लाइडवर बाण काढून दाखवत होते. तिसऱ्या बाणाला हात थांबला. जिन्यात, आरशासमोर, दात घासताना मी जे केलं होतं तेच तर हे. नवव्या प्रश्नाच्या वेळीही तेच: माझं सगळं लक्ष माझ्या आवाजाकडे होतं, आणि समोर बसलेला माणूस चष्म्याशिवाय माझ्या पेनाकडे बघत होता.

तयारी मी सोडली नाही. तयारीशिवाय जा, मनापासून बोला, हा सल्ला देणाऱ्यांनी बहुधा मुलाखत दिलेली नसते. चिठ्ठ्या काढल्या, केस वाचल्या, संशोधनाच्या प्रश्नाला मील यांचं नाव पक्कं केलं. फक्त उत्तरं तोंडपाठ करणं थांबवलं. मित्राने एक खेळ काढला: गोष्ट सांगून झाली की तीच गोष्ट क्लायंटच्या तोंडून सांगायची. पहिल्यांदा केलं तेव्हा घाम फुटला. त्या गृहस्थांच्या तोंडून माझी 'चांगली चूक' अशी सुरू होत होती: 'ती मुलगी घाईत होती.'

पुढच्या वर्षी दुसऱ्या ठिकाणी बोलावणं आलं. रोल-प्ले होता; एक अभिनेत्री चिडलेल्या आईच्या भूमिकेत होती, आणि तिने मला आठ मिनिटं फार काही बोलू दिलं नाही. तेही ठीकच झालं म्हणायचं. मग पॅनेल, मग चुकीचा प्रश्न. या वेळी गोष्ट लांबली. वेळ संपल्याची खूण झाली तेव्हा मी काय शिकले इथपर्यंत पोचलेही नव्हते. निवड झाली. ती याच उत्तरामुळे झाली असं मी म्हणणार नाही. एका उदाहरणावरून कार्यकारणभाव काढायचा नसतो, एवढं तरी या क्षेत्राने शिकवलंय.

पॅनेलला जे सांगितलं ते असं.

मॅडम म्हणाल्या, "ते अजून बाहेर असतील. जा." ते बाकावर बसले होते, पुढच्या तारखेची चिठ्ठी हातात घेऊन. मी म्हणाले, "जरा आत येता का? एक प्रश्न मी घाईत विचारला."

"शेवटचा?" त्यांनी विचारलं.

मी हो म्हणाले. ते उठले. आत येऊन पुन्हा त्याच खुर्चीत बसले. मी पेनाला टोपण लावलं, पेन टेबलावर ठेवलं आणि प्रश्न पुन्हा वाचला, सावकाश, जसा छापलाय तसा, शेपूट न जोडता. त्यांनी हातातली चिठ्ठी दुमडली. मग पुन्हा दुमडली. ती नखाएवढी होईपर्यंत कुणी बोललं नाही. मधे काहीतरी म्हणावं, निदान 'सावकाश सांगा' म्हणावं, असं मला तीनदा तरी वाटलं.

"काही दिवस," ते म्हणाले. आणि थोड्या वेळाने, "तुम्ही पान उलटलंत, म्हटलं राहू दे."

पुढचा सव्वा तास आम्ही तिघं बसलो, ते, मॅडम आणि मी. कोणते दिवस, दिवसाच्या कोणत्या वेळी, मनात नेमकं काय येतं, हाताशी काय असतं, तेव्हा घरात कोण असतं. कुणाला फोन करायचा आणि त्याने उचलला नाही तर मग कुणाला, हे त्यांनी स्वतःच्या अक्षरात कागदावर लिहिलं, चष्मा नसल्याने मोठ्ठं. मुलीला तिथूनच फोन लावला. ती घ्यायला येईपर्यंत ते आमच्याबरोबर बसले.

ते गेल्यावर मी प्रश्नावली पुढे ओढली. नवव्या प्रश्नासमोरची माझी खूण एका रेघेने खोडली, शेजारच्या चौकटीत नवी केली, बाजूला वेळ घातली, सही केली. खाली बेरीज १४ होती. ती खोडून १५ लिहिली.